घरघरणारा संगणक भंगारात काढण्याआधी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून शाळा, वाचनालये, पतसंस्था आणि घरे यांतून जुने डेस्कटॉप बाहेर काढण्याची घाई सुरू आहे. विंडोज ११ ला चालेल असा प्रोसेसर त्यांतल्या अनेकांत नाही हे खरे. पण लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) चढवले की तीच यंत्रे टायपिंग, हिशेब, इंटरनेट आणि पुस्तकांच्या देवघेवीची नोंद एवढ्या कामांना अजून कित्येक वर्षे पुरतात. ती काढून टाकताना आणखी एक कारण हमखास सांगितले जाते आणि ते आम्हा दुरुस्तीचे काम करणाऱ्यांना मुळीच पटत नाही. ते कारण म्हणजे आवाज. ‘चालू केला की घरघर करतो, आता याचे दिवस भरले.’ घरघरणाऱ्या संगणकाचे दिवस बहुतेक वेळा भरलेले नसतात. त्यातला एखादा पंखा झिजलेला असतो किंवा धुळीने कोंडलेला असतो, आणि नवा साधा पंखा काही शे रुपयांत मिळतो. हे काम नीट कसे करायचे आणि कुठे चुकते, ते सविस्तर लिहीत आहोत.

आधी आवाज कुठून येतो ते शोधावे. साध्या डेस्कटॉपमध्ये तीन पंखे असतात: प्रोसेसरवरचा, कॅबिनेटच्या मागचा (काहींत पुढेही एक) आणि एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातला. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्यावर चौथा. खोलीतला छताचा पंखा बंद करावा, कारण त्याच्या घोंघावण्याखाली निम्मे आवाज लपतात. वर्तमानपत्राच्या दोन पानांची घट्ट सुरळी करून तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे एकेका पंख्याजवळ धरावे. अपराधी बहुधा पहिल्या मिनिटातच सापडतो. मागच्या पंख्याचा प्लग मदरबोर्डवरून (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरून) काढून दोन मिनिटे संगणक चालवला तरी बिघडत नाही. प्रोसेसरचा पंखा मात्र काढून चालवू नये. फिरत्या पात्यांत बोट, पेन किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून पंखा थांबवण्याची सवय अनेकांना असते. त्यात पाते तुटते, आणि एक पाते तुटलेला पंखा तोल गेल्यामुळे आधीपेक्षा जास्त थरथरतो.

आवाजाचा प्रकारही बरेच सांगून जातो. थंडीच्या सकाळी चालू करताना खरखर आणि पाच-दहा मिनिटांनी शांत, असे असेल तर बुश, म्हणजे पंख्याचा दांडा ज्या नळीत फिरतो ती, कोरडा पडला आहे. सतत टकटक असेल तर एखादी तार पात्यांना लागते आहे. संगणक सुरू केल्यापासून जेट विमानासारखा एकसारखा मोठा झोत येत असेल तर पंखा धडधाकट आहे. तो पूर्ण वेगाने फिरतो आहे इतकेच, आणि कारण दुसरीकडे आहे. कॅबिनेटच्या बाजूवर तळहात दाबल्यावर गुणगुण थांबली तर पत्रा सैल आहे. आणि आवाज ठरावीक अंतराने ‘टक्... टक्...’ असा, पुढच्या भागातून येत असेल तर पंख्याचा विचार तिथेच सोडावा. ती हार्ड डिस्क आहे. सर्वांत आधी तिच्यातला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा.

पंखा विकत आणण्याआधी साफसफाई करावी. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक असतो. पंखा आणि पट्ट्या यांच्या मध्ये धूळ, केस आणि कापसाचे तंतू मिळून नमद्यासारखा थर बसतो. तो बाहेरून दिसत नाही, कारण वर पंखा असतो. हवा अडते, प्रोसेसर तापतो, मदरबोर्ड पंख्याला जास्त वेगाने पळवतो आणि घरातले लोक म्हणतात, पंखा खराब झाला. एक इंची रंगाचा कोरा ब्रश आणि ब्लोअर एवढ्यावर काम होते. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. हवेच्या झोताने पंखा त्याच्या ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे फिरतो, आधीच झिजलेला बुश त्यात संपतो आणि मोटर उलट वीज तयार करून मदरबोर्डच्या पिनेकडे ढकलते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये. त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडावर स्थिर वीज साठते. धूळ बसलेले कॅबिनेट उघड्या गॅलरीत न्यावे, नाहीतर तीच धूळ दोन दिवसांत परत आत जाते.

याच वेळी मदरबोर्डवरच्या, प्रोसेसरभोवतीच्या उभ्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या भागांची) डोकी पाहावीत. ती सपाट हवीत. फुगलेली असतील किंवा त्यावर तपकिरी चिकट डाग असेल तर पंख्यावर पैसे घालू नयेत. आधी कपॅसिटर बदलायला हवेत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या बोर्डांत हा दोष फार मोठ्या प्रमाणावर होता.

आता तेलाबद्दल, कारण घरोघरी पहिला उपाय तोच होतो. स्वस्त पंख्यात बुश असतो: तेल मुरवलेल्या धातूच्या नळीत फिरणारा दांडा. तेल उडून गेले की दांडा कोरडा घासतो, भोक लंबगोल होते आणि पंखा डुगडुगतो. मधले गोल स्टिकर अर्धे सोलून, खाली रबरी बूच असेल तर ते काढून, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, फार तर दोन, टाकले तर आवाज थांबतो. हा उपाय काही आठवडे, नशीब असेल तर काही महिने चालतो. झिजलेली नळी तेलाने भरून येत नाही, त्यामुळे नवा पंखा येईपर्यंतची ही सोय समजावी. तेल जास्त झाले तर स्टिकर पुन्हा चिकटत नाही आणि थेंब पात्यांवरून उडून बोर्डावर बसतात. खोबरेल तेल कदापि घालू नये. ते २४ अंशांच्या आसपास गोठते, म्हणजे पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी पंखा सुरूच होणार नाही, आणि उन्हाळ्यात त्याचा चिकट राळेसारखा थर होतो. गंज सोडवणारा स्प्रेही नको. त्यातला पातळ द्राव उरलेसुरले तेल धुऊन नेतो. दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट आवाज येतो.

बॉल बेअरिंगच्या पंख्याची गोष्ट वेगळी. तो जास्त टिकतो, उष्णता सोसतो, पण म्हातारा झाला की बारीक किणकिण करतो आणि त्याला तेलाने काही फरक पडत नाही. द्रव बेअरिंगचे पंखे शांत आणि टिकाऊ असतात, महागही असतात. निवडताना पंखा कसा बसणार आहे ते पाहावे. उभ्या कॅबिनेटच्या मागच्या बाजूला दांडा आडवा असतो, तिथे बुशचा पंखा बरा चालतो. आडव्या कॅबिनेटमधला प्रोसेसरचा पंखा मात्र झोपलेला असतो. त्याचा दांडा उभा राहतो, सगळा भार एका टोकावर येतो आणि तेल लवकर निघून जाते. तिथे बॉल किंवा द्रव बेअरिंगच घ्यावे.

मापात सर्वांत जास्त चुका होतात. लोक पंखा कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजतात किंवा पात्यांचा व्यास मोजतात. मोजायची असते चौकटीची बाजू. जुन्या यंत्रांत ८०, ९२ आणि १२० मिलिमीटर ही मापे सर्रास आढळतात, काहींत १४०. खात्री करायची तर लागूनच्या दोन स्क्रूंच्या भोकांमधले अंतर मोजावे: ८० च्या पंख्याला ७१.५, ९२ ला ८२.५, १२० ला १०५ आणि १४० ला १२४.५ मिलिमीटर. जाडी सहसा २५ मिलिमीटर असते. छोट्या कॅबिनेटमध्ये १५ ची आणि काही ब्रँडेड ऑफिस संगणकांत ३८ ची असते. १५ च्या जागी २५ चा पंखा आणला तर झाकण बसत नाही. जुना पंखा खोलून दुकानात सोबत नेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, नागपुरात सीताबर्डी या बाजारांत सुटे पंखे मिळतात.

वेग हा शांततेचा खरा हिशेब आहे. पंख्याचे फेरे निम्मे केले तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. हा फरक कानाला फार मोठा लागतो. हवा मात्र निम्मी होते. म्हणून शक्य तिथे मोठा पंखा हळू फिरवावा. ढोबळ हिशेबाने १२० चा पंखा मिनिटाला ८०० फेऱ्यांत जेवढी हवा हलवतो तेवढ्यासाठी ८० च्या पंख्याला २७०० फेरे घ्यावे लागतात. अनेक कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर ८०, ९२ आणि १२० अशा एकाहून जास्त मापांची भोके असतात, तिकडे कुणी पाहतच नाही. ८० चीच जागा असेल तर १५०० ते २००० फेऱ्यांचा पंखा मागावा; ३००० चा घेतला तर पैसेही गेले आणि शांतताही. १२० चा असेल तर ८०० ते १२०० पुरेसे. खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यांवरून दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना करू नये, कारण मोजण्याची पद्धत सारखी नसते. रंगीत दिव्यांचे पंखे ऑफिसच्या जुन्या यंत्रात घालून काही मिळत नाही.

आता पिना. इथे दुकानदारही गडबडतात. दोन पिनांच्या पंख्याला फक्त वीज मिळते. तीन पिनांच्या पंख्यात काळी तार ऋण, लाल १२ व्होल्ट आणि पिवळी वेगाची खबर देणारी. चार पिनांच्या पंख्यात काळी ऋण, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी वेगाची खबर आणि निळी वेग ठरवणारी. म्हणजे पिवळी तार एकीकडे खबर देते आणि दुसरीकडे वीज आणते. रंग पाहून तारा जोडणारे नेमके इथे फसतात. आजकाल अनेक पंख्यांच्या सगळ्या तारा काळ्याच असतात, तेव्हा रंग विसरून प्लगच्या खाचेवर विसंबावे. तीन पिनांचा प्लग चार पिनांच्या जागेवर बसतो. खाच जुळवली की चौथी पिन मोकळी राहते. पण अशा वेळी मदरबोर्ड त्या जागी फक्त निळ्या तारेनेच वेग ठरवत असेल तर पंखा कायम पूर्ण वेगाने फिरतो. नवा पंखा लावूनही आवाज तसाच, ही तक्रार बहुतांशी यातूनच येते. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्यांच्या पानावर व्होल्टेजने वेग कमी करण्याचा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल तर मुळातच हळू फिरणारा पंखा घ्यावा, म्हणजे नियंत्रणाची गरजच उरत नाही.

चार पिनांच्या जाड मोलेक्स प्लगवरून पंखा जोडणारे जुने कारागीर आहेत. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट आणि मधल्या दोन काळ्या ऋण. तसा जोडलेला पंखा कायम पूर्ण वेगाने फिरतो आणि मदरबोर्डला त्याचा पत्ता लागत नाही. पिवळी आणि लाल यांच्यामध्ये जोडून ७ व्होल्टवर पंखा हळू चालवण्याची एक जुनी युक्तीही प्रचलित आहे. ती करू नये. अशा जोडणीत पंख्याचा प्रवाह ५ व्होल्टच्या वाटेत परत ढकलला जातो, आणि चुकून शॉर्ट झाले तर १२ व्होल्ट थेट तिथे पोहोचतात. वेग कमी करणारी रेझिस्टरची तयार जोडतार मिळते, ती वापरावी. मदरबोर्डच्या एका जागेवर साधारण १ अँपिअरपेक्षा जास्त भार टाकू नये. पंख्याच्या स्टिकरवर अँपिअर लिहिलेले असतात. साधा १२० चा पंखा ०.१ ते ०.३ घेतो, म्हणून एका जागेवरून दोन पंखे जोडणाऱ्या वाय जोडतारेवर दोन चालतात.

ब्रँडेड ऑफिस संगणकांची वेगळी काळजी घ्यावी लागते, आणि शाळांना मिळालेली जुनी यंत्रे बहुधा याच जातीची असतात. डेलच्या ऑप्टिप्लेक्स या ऑफिस मालिकेतल्या अनेक जुन्या यंत्रांमध्ये पंख्याचा प्लग पाच जागांचा असतो आणि तारांचा क्रम बाजारातल्या पंख्यापेक्षा निराळा. प्लग कापून नवा पंखा जोडायचा असेल तर आधी मीटरने १२ व्होल्ट कुठे आहेत ते मोजूनच हात लावावा. एचपीच्या जुन्या मालिकांत कॅबिनेटचा पंखा ओळखला गेला नाही की सुरू होताना ५१२ क्रमांकाचा संदेश येतो आणि संगणक कळ दाबण्याची वाट पाहत थांबतो. प्रत्येक सकाळी शिक्षकाला तीस यंत्रांवर कळ दाबत फिरावे लागणे ही दुरुस्ती नव्हे. या यंत्रांत मूळचा पंखा वेगवान असतो. त्या जागी ८०० फेऱ्यांचा शांत पंखा लावला तर ‘वेग फार कमी, पंखा बंद पडला’ असा मदरबोर्डचा समज होतो. अशा यंत्रांसाठी त्याच मॉडेलचा, त्याच पार्ट क्रमांकाचा पंखा शोधावा. बंद पडलेल्या दुसऱ्या यंत्रातला चालू पंखाही चालतो, आणि आमच्या मते ऑफिस मॉडेलांसाठी तोच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे.

मागचा पंखा बदलणे पंधरा मिनिटांचे काम आहे. संगणक बंद करावा, भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढावी, मग चालू करायचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून घ्यावा. तारा कुठून कुठे गेल्या आहेत याचा मोबाईलवर फोटो काढावा. पंख्याचे स्क्रू इतर स्क्रूंपेक्षा जाड असतात आणि प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात. कॅबिनेटच्या बाकी स्क्रूंत ते मिसळू देऊ नयेत. चारही आधी सैल लावावेत, मग समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करावेत. पूर्ण जोर लावला तर चौकट वाकते आणि पाते घासू लागते. रबरी खुंट्या मिळाल्या तर त्या लावाव्यात. थरथर पत्र्यात उतरत नाही.

दिशा चुकवू नये. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि स्टिकर असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही चौकटींवर बाणही असतात. पुढचा पंखा हवा आत घेतो, मागचा बाहेर टाकतो. दोन्ही बाहेर टाकणारे लावले तर डीव्हीडीच्या फटीतून आणि यूएसबीच्या भोकांतून धूळ ओढली जाते. काम झाल्यावर टिश्यूची पातळ पट्टी जाळीसमोर धरून पाहावी: मागे उडायला हवी, पुढे चिकटायला हवी. जुन्या यंत्रांतली हार्ड डिस्कची रुंद चपटी केबल पंख्याच्या वाटेत आडवी येते. ती घडी घालून कडेला बांधली तर हवेला वाट मिळते. केबल टायचे टोक कापायला विसरू नये, तेच पुढे पात्याला लागते.

प्रोसेसरचा पंखा हा जास्त नाजूक विषय आहे. इंटेलच्या प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या गोल कूलरवरचा (कूलर म्हणजे हीटसिंक आणि पंखा यांची जोडी) पंखा साध्या चौकटीचा नसतो, त्यामुळे पूर्ण कूलरच बदलावा लागतो. इथे सॉकेटचे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचे, नाव माहीत हवे. २००४ पासूनच्या ७७५ सॉकेटच्या भोकांमध्ये ७२ मिलिमीटर अंतर असते. ११५६, ११५५, ११५० आणि ११५१ या नंतरच्या सॉकेटमध्ये ते ७५ आहे. तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण खुंट्या बसत नाहीत. काढताना चारही खुंट्यांची डोकी बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढावीत. बसवताना ती परत मूळ जागी फिरवावीत आणि समोरासमोरच्या दोन एकदम दाबाव्यात. ‘टक्’ ऐकू यायला हवे. मग बोर्डच्या मागून पाहावे: चारही पांढऱ्या पायांमध्ये काळी खुंटी शिरलेली असली पाहिजे. एक जरी सुटलेली असेल तर कूलर तिरका राहतो, प्रोसेसर नव्वदीच्या पुढे तापतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि पंखा ओरडत राहतो. दाबताना बोर्ड फार वाकत असेल तर तो कॅबिनेटबाहेर काढून बसवावा.

एएमडीच्या एएम२ आणि एएम३ सॉकेटमध्ये दांडी उचलून क्लिप सोडायची असते. पण दोहोंच्या मध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेल्या आणि आता वाळलेल्या पेस्टने कूलर आणि प्रोसेसर एकमेकांना धरून बसतात. थंड यंत्रावर कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून दहा-पंधरा मिनिटे संगणक चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे हळू पिळत सोडवावा. या कूलरवरचा पंखा सहसा चार स्क्रूंनी लावलेला असतो, तो एकटा बदलता येतो; मग पेस्टला हात लावायची वेळच येत नाही.

कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट पुन्हा चालत नाही. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए नावाने मिळणारे अल्कोहोल सुती कपड्यावर घेऊन दोन्ही पृष्ठभाग लख्ख पुसावेत. नेलपॉलिश काढायचा द्राव नको, त्यात तेल असते. नवी पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याच्या दाण्यापेक्षा लहान, साधारण चार-पाच मिलिमीटरचा ठिपका, एवढीच. जास्त घातली की थंड जास्त होते हा गैरसमज आहे. पेस्ट फक्त धातूंमधल्या बारीक फटी भरण्यासाठी असते, आणि तिचा जाड थर उष्णता अडवतो.

एसएमपीएसचा पंखा आवाज करत असेल तर आमची स्पष्ट विनंती आहे: डबा घरी उघडू नका. आपल्या २३० व्होल्टच्या विजेपासून आत सुमारे ३२५ व्होल्टची एकदिशा वीज तयार होते आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. वायर काढल्यावरही ती आत राहू शकते, कारण ती रिकामी करणारा रेझिस्टर जुना झाल्यावर तुटलेला असू शकतो. ज्याला कपॅसिटर रेझिस्टरने रिकामा करून मीटरने शून्य पाहता येते अशाच कारागिराने तो उघडावा. आतला पंखा पुष्कळदा दोन तारांनी बोर्डला सोल्डर केलेला असतो, म्हणून घाईने ‘प्लग बदलून’ काम होत नाही. शिवाय पंखा घासू लागेपर्यंत आतले कपॅसिटरही तापून थकलेले असतात. एसएमपीएस दहा वर्षांचा असेल तर पंख्यावर खर्च न करता चांगला नवा एसएमपीएस घेणेच रास्त. त्यातही अगदी स्वस्त, वजनाला हलका, ‘५०० वॅट’ लिहिलेला डबा टाळावा. ऑफिस मॉडेलांत आकार आणि प्लग निराळे असतात, तेव्हा जुना सोबत न्यावा.

सगळे जोडल्यावर बायोसमध्ये पंख्यांचे फेरे दिसतात का ते पाहावे. शून्य दिसत असेल तर प्लग अर्धा बसला आहे किंवा दोन पिनांचा पंखा आहे. गिगाबाइटच्या बोर्डांत स्मार्ट फॅन आणि असुसच्या बोर्डांत क्यू-फॅन नावाचा पर्याय असतो. तो अनेक जुन्या यंत्रांत वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेला असतो. तो चालू केल्यावर काही वेळा पंखा न बदलताही आवाज निम्म्यावर येतो. मग विंडोजवर एचडब्ल्यूमॉनिटर किंवा लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालवून पंधरा मिनिटे जड काम द्यावे. खोलीत ३० अंश असताना इंटेलच्या कोअर पिढीचा प्रोसेसर ७५ च्या आत राहिला तर उत्तम, ८५ च्या वर गेला तर पेस्ट किंवा खुंट्या पुन्हा तपासाव्यात. एएमडीच्या जुन्या ॲथलॉन आणि फेनमची मर्यादा बरीच खाली, अनेक मॉडेलांत ७० च्या आसपासच आहे, तिथे ६० ला सावध व्हावे. ही चाचणी डिसेंबरात समाधानकारक आली म्हणून अकोला-चंद्रपूरला निर्धास्त राहता येणार नाही. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर जाते, आणि खोली जितक्या अंशांनी तापते जवळपास तितक्याच अंशांनी आतले आकडे वर सरकतात. विदर्भात म्हणून पंखा थोडा वेगवान ठेवावा, थोडा आवाज सोसावा. कोकणात आणि गोव्यात अडचण उष्णतेपेक्षा खाऱ्या दमट हवेची असते. स्क्रू गंजतात, धूळ ओली होऊन पट्ट्यांना चिकटते, तेव्हा पावसाळा संपताच सफाई करावी.

कॅबिनेट उघडलेच आहे तर सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेलही बदलून टाकावा. तारीख-वेळ चुकवणारे बहुतेक जुने संगणक त्याच्यामुळेच चुकतात.

शेवटी शाळा, वाचनालये आणि पतसंस्थांच्या चालकांना एक मागणी. वार्षिक देखभालीचा करार करताना त्यात ‘संगणकांची देखभाल’ एवढेच मोघम लिहिलेले असते, आणि मग वर्षभरात कॅबिनेट एकदाही उघडले जात नाही. करारात पुढील गोष्टी शब्दांत लिहून घ्याव्यात: वर्षातून दोनदा, एकदा मार्चमध्ये आणि एकदा दिवाळीच्या आधी, प्रत्येक कॅबिनेट उघडून हीटसिंकची सफाई, आवाज करणारा पंखा त्याच मापाचा, त्याच पिनांचा आणि बॉल किंवा द्रव बेअरिंगचा बदलून देणे, दर दोन वर्षांनी पेस्ट नवी, आणि प्रत्येक यंत्राच्या प्रोसेसरचे तापमान व पंख्याचे फेरे यांची लेखी नोंद. तीस यंत्रांच्या प्रयोगशाळेसाठी पाच-सहा पंखे आणि पेस्टची एक नळी कपाटात आणून ठेवली तर वर्ष निघते. काढलेले पंखे, एसएमपीएस आणि सेल रद्दीवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांतही पंखे आणि एसएमपीएससाठी तीच व्यवस्था आहे. तारांमधल्या तांब्यासाठी त्या उघड्यावर जाळल्या जातात, आणि तो धूर त्याच शाळेच्या आसपास राहणारी मुले श्वासात घेतात.

आपले,
संगणक दुरुस्तीच्या कामातील काही वाचक, पुणे